मधल्या रांगेतला सातवा

ऐका. आन् आधी ती कंदिलाची वात बारीक कर सुगंधा सूनबाई, डोळ्यावर येतीया. दार? दार असू दे उघडं. दार लावलं म्हंजी भ्या आत येत न्हाई असं कुनी सांगितलं तुम्हाला?

उद्या बारसं हाय. पाव्हनं जेवून आडवं झालं, तुम्ही तेवढं जागं. बरं झालं. महिपती, तू हितं म्होरं बस. तुझ्यासाठीच सांगतुया. सकाळधरनं साऱ्या गावाला सांगत सुटलाईस, पोराचं नाव सुभाना ठेवनार, माझ्या आज्याचं नाव हाय, आमच्या घरान्यातलं मर्दाचं नाव हाय. आँ? मर्दाचं! बापाला इचारलंस? न्हाई इचारलंस. मंग आता गप ऐक. मधी बोललास तर उठून जाईन, सांगून ठेवतो.

तुझा आजा म्हंजी माझा बा. सुभाना त्याचं नाव. आन् त्याला ते नाव आलं आपल्या मूळ पुरुषाकडनं. तो मूळ सुभाना कुन्या सरदाराच्या पलटनीत शिपाई व्हता. फिरंग्यानं शिकवलेली पलटन. पुढं कुठलीशी लढाई झाली, आख्खी पलटन कापली गेली, आन् आपला सुभाना एकटा जित्ता घरी आला. एकटा! तवापासनं घरात दर दोन पिढ्यांनी एक सुभाना. त्याची कथा सांगताना आमचा आजा मिशीला पीळ द्यायचा. मी बी ल्हानपनी दिला असता, मिशी असती तर.

हां, हसून घ्या. आता हसा, मंग हसाया येनार न्हाई.

ज्या रातीची ही गोष्ट, त्या रातीला मी अकरा दिसांचा व्हतो. आई माहेरी, सांगवड्याला. बा हितं भोरवाडीत. माझ्या आधी आईला दोन पोरं झाली व्हती. दोन्ही माहेरीच. दोघांना बाराव्या दिशी तिथल्याच जुन्या पाळन्यात घातलं, आन् दोन्ही महिना भरायच्या आत गेली. आईनं तिसऱ्या वक्ताला हाय खाल्ली. म्हनली, पोर मांडीवरनं खाली ठेवनार न्हाई, नवा पाळना आना. आन् तिचा बाप हट्टी. तो म्हनला, बाराव्या दिशी दुपारी पोर पाळन्यात गेलंच पायजे. जावयाचा पाळना आला तर त्यात, न्हाई आला तर हाय त्यात.

म्हंजी कळलं का? दुपारच्या आत नवा पाळना पोचला न्हाई, तर मला त्या जुन्यात घालनार. आईचा जीव टांगनीला. आन् हितं बाचा.

गेनू सुताराकडं पाळना करायला टाकला व्हता. तर गेनूला ताप! दोन दिस घोंगडीत. तिसऱ्या दिशी उठला, तसाच कन्हत कन्हत रंधा मारला, कड्या बसवल्या, तवर दिवस बुडाला. बा म्हनला, निघतो. गेनू म्हनला, "आरं गाडीवाटनं जा, लांब पडंल पर जा. परेटीच्या माळावरनं जाऊ नगंस. तिथं रातची कवायत चालती."

गाडीवाट सात कोस. माळावरनं तीन. बा म्हनला, "चालू दे कवायत. माझा काय संबंध?"

संबंध! ऐकलंत का? म्हनं काय संबंध!

निघाला. पाळना पालथा करून डोक्यावर घेतला, दोन्ही हातानं काठ धरला. चांदनं अष्टमीचं, मळकट. आता बघा, डोक्यावर पाळना असला की मानसाला म्होरचं दिसतंय, बाजूचं दिसत न्हाई, आन् मागं वळायचं म्हंजी सगळं लाकूड घेऊन वळावं लागतंय. हे ध्यानात ठेवा.

ओढा वलांडला. माळ लागला. कुसळं नुसती, झाड न्हाई, झुडूप न्हाई. थोडा चालला आन् मागं आवाज आला.

धप. धप. धप.

बाला वाटलं, आपलीच पावलं पाळन्यात घुमत्यात. थांबला. आवाज बी थांबला. पर लगीच न्हाई. एक पाऊल जास्ती पडलं आन् मंग थांबला. धप.

बा चालू लागला. पुन्हा धप, धप. एकाचं पाऊल नव्हं ते. लई मानसं, आन् पाऊल एक. म्या सोता पलटनीत तीन वरसं काढलीत, बसऱ्याला जाऊन आलोय, मला इचारा. शंभर मानसं एका पायावर चालली की ऐकनाराचं काळीज बी त्याच पायावर चालाया लागतंय. बानं मुद्दाम पाऊल मोडलं. दोन बारकी टाकली, एक लांब टाकलं. पर पाय ऐकंना! दोन पावलं वाकडी पडायची आन् तिसऱ्याला पाय आपसूक त्यांच्या ठेक्यावर. धप. धप. बा मनात म्हनला, हे पाय माझंच हायती ना?

आन् तेवढ्यात म्होरनं, अंधारातनं, कडकन आवाज आला, "हुकुमदार!"

बा जागच्या जागी. म्होरं कुनीच न्हाई. पुन्हा, "हुकुमदार!"

आता हे हुकुमदार म्हंजी गोऱ्याची बोली. पहाऱ्यावरला शिपाई अंधारात मानूस दिसला की इचारतो, कोन येतंय तिकडनं, ते गोरं त्यांच्या भाषेत बोलायचं आन् आपल्या शिपायांच्या तोंडी त्याचं झालं हुकुमदार. मला हे पलटनीत गेल्यावर कळलं. बाला कुठलं ठावं? त्याला वाटलं, कुनीतरी इचारतंय की तू हुकुमदार हाईस का. बा बिचारा म्हनला, "न्हाई जी, हुकुमदार न्हाई. साधा मानूस हाय. पोराचा पाळना घेऊन चाललोय."

नुसती एक संगीन कुठंतरी चमकली आन् बाजूला झाली. वाट दिली म्हना ना. बाला वाटलं, चला, सुटलो.

सुटतोय कुठला! थोडं म्होरं गेला, वाटंत एक धोंडा दिसला. मधोमध चिरलेला. त्याला वळसा घातला, चालला. पुन्हा धोंडा. मधोमध चिरलेला. बा म्हनला, माळावर धोंडं काय थोडं असत्यात? चालला. घाम फुटला. पुन्हा तोच! ह्या वक्ताला त्यानं हात लावून बघितला. धोंडा गरम. आत्ताच कुनीतरी बसून उठल्यागत गरम. आन् कानाशी, एकदम कानाशी, कुनीतरी हळू म्हनलं, "डावीकडं... वळ."

आन् बा वळला. त्याच्या मनात वळायचं नव्हतं. पाय वळलं.

तवा त्याला उमगलं की हे मगाधरनं आपल्याला वळवत्यात. मागनं ढकलत न्हाईत, हात लावत न्हाईत, नुसतं वळवत्यात. बाला रडू यायला लागलं. मोठा गडी, पर रडू यायला लागलं. माझ्यापायी न्हवं, मी तर त्यानं अजून बघितला बी नव्हतो. आईपायी. ती दारात बसली असंल, पोर मांडीवर घेऊन, वाट बघत, आन् हा हितं एका धोंड्याभवती गोल गोल फिरतोय.

सुगंधा, भ्यालीस का? पोराला घट धर, पर आवळू नगं. उठंल.

ऐका म्होरं. बा चिरलेल्या धोंड्यापाशी हुबा ऱ्हायला आन् बघतोय तर समूर धुकं. धुक्यात मानसं. तीन रांगा. म्होरली गुडघ्यावर, मधली हुबी, मागली हुबी. खांद्याला खांदा. सगळ्यांची व्हटं काळी. काळी म्हंजी कोळसा फासल्यागत. आन् कुनी हालत न्हाई, कुनी खोकत न्हाई. एक हवालदार म्होरं हुबा, ताठ, हातात छडी. आन् हवालदारानं हजेरी घ्याया सुरुवात केली.

"रानोजी!" "हजर!"

"शेख लाल!" "हजर!"

"भिकनाक!" "हजर!"

"तुकूजी!" "हजर!"

असं चाललंय. बा श्वास धरून हुबा. त्याला वाटलं, हजेरी संपंल, हे जातील, मंग मी जाईन. आन् हवालदार म्हनला,

"सुभाना!"

कुनी बोलंना.

आता बघा, बाला एक गोष्ट ठावं व्हती. तुम्हाला बी ठावं हाय. रातचं कुनी नाव घेऊन हाक मारली तर ओ द्यायचा न्हाई. पहिल्या हाकंला न्हाई, दुसऱ्या हाकंला न्हाई. भूत तिसरी हाक मारत न्हाई. तिसरी आली की समजायचं, मानूस हाय. हाय का न्हाई? ल्हानपनी तुम्हाला बी हेच सांगितलं म्या.

"सुभाना!" दुसरी हाक. बानं दातावर दात दाबलं. ओ दिला न्हाई.

बानं डोळं मिटलं. आन् मंग तिसरी हाक आली. हळू. अगदी घरच्या मानसानं मारावी तशी.

"सुभाना...?"

आन् बाला वाटलं, तिसरी! म्हंजी मानूस! सासऱ्यानं कुनीतरी समूर धाडलंय मला न्यायला, हे सगळं माझ्या डोळ्याला भास व्हतोय! जीवात जीव आला त्याच्या, आन् तो वरडला, "हाय की! हितं हाय मी!"

आरं देवा! पलटनीत हजेरीला तीन येळा नाव घ्यायचा कायदा असतो, हे त्याला कुठं ठावं? भुताला तिसरी हाक येत नसंल, पर पलटनीला येती.

तिन्ही रांगांनी एकदम मुंडकी वळवली.

मधल्या रांगंत एक जागा मोकळी व्हती. सातवी. बाला कुनी वढलं न्हाई. पाय आपनहून गेलं. डोक्यावरचा पाळना त्यानं म्होरं टेकवला आन् त्या जागंत हुबा ऱ्हायला. दोन्ही खांद्यांना दोन थंड खांदं लागलं. हवालदार आला. बाचं तोंड उघडलं आन् आत अंगठा घातला. थंडगार अंगठा! वरचं दात चाचपलं, खालचं चाचपलं, न्हाव्यानं गाल चाचपावा तसं. म्हनला, "पक्कं हायती. काडतूस फुटंल. बिनदाताचा मानूस माझ्या रांगंत हुबा ऱ्हात न्हाई."

आता हे जरा समजून घ्या, न्हाईतर म्होरलं कळायचं न्हाई. त्या वक्ताची बंदूक म्हंजी आताच्यावानी नव्हती. एक गोळी सुटली की बंदूक म्हंजी नुसती काठी. पुन्हा भरायची. कागदाच्या पुडीत दारू आन् गोळी बांधल्याली, ते काडतूस. ते म्होरल्या दातानं फोडायचं, कारन एका हातात बंदूक. दारू लागून लागून व्हटं काळी व्हायची. चिमूटभर दारू बंदुकीच्या कानात, तिला रंजक म्हनायचं, बाकीची नळीत, वर गोळी, मंग गज घालून ठासायचं. तवर घोडेस्वार येऊन मुंडकं उडवून जातोय. म्हनून तीन रांगा. एक रांग सोडती, एक भरती, एक नेम धरून थांबती. आन् सगळा खेळ खांद्याला खांदा लागन्याचा. शेजारचा मेला तर सरकायचं, फट बुजवायची, मागं बघायचं न्हाई. फट पडली की घोडं आत. घोडं आत आलं की पलटन संपली.

बानं हवालदाराला इचारलं, "ही जागा मोकळी का ठेवली? सरकून बुजवली का न्हाई?"

हवालदार म्हनला, "मेला असतास तर बुजवली असती. मेलेल्याची जागा आम्ही बुजवतो. तू मेला न्हाईस. तू पळालास. घोडी पन्नास पावलांवर आली आन् तू बंदूक टाकून पळालास. ह्याच जागंतनं घोडी आत आली. पळालेल्याची जागा राखून ठेवावी लागती."

ऐकलंस महिपती? पळाला. तो आपला मर्द, ज्याच्या नावानं आमचा आजा मिशीला पीळ द्यायचा, तो पळाला. म्हनून एकटा जित्ता आला. साऱ्या पलटनीला मारून आला. बोलू नगं! म्हनलो ना मधी बोलू नगं!

बा म्हनला, "तो मी न्हवं! तो माझा खापरपंजा का कोन! मी नुसतं त्याचं नाव लावतो!"

हवालदार म्हनला, "आम्हाला नावच दिलंय. सुभाना, मधली रांग, सातवा."

आन् कवायत सुरू झाली.

"काडतूस!" बाच्या हातात बंदूक कुठनं आली, कमरंला पेटी कुठनं आली, देव जानं. "तोंड!" बानं काडतूस दातात धरून फोडलं. दारूची चव खारट, कडू, जिभंवर आग. "रंजक! दारू! गोळी! गज! नेम!" आन् मंग, "फैर!"

आवाज झाला न्हाई. नुसता उजेड झाला. आन् उजेड इझला तवा बाच्या ध्यानात आलं की आपल्याला काहीतरी आठवत न्हाई. काय बरं? मी कुठनं निघालो? गाव कुठलं माझं? ओढा आठवतोय, सुताराचा रंधा आठवतोय, गावाचं नाव आठवत न्हाई.

ही कवायतीची जात हाय. माझ्यावर झालीया, मला ठावं. हजारदा तेच, हजारदा तेच, म्हंजी घोडं अंगावर आलं तरी हातानं आपलं काम करावं, डोक्यानं घर आठवू नये. जित्त्या पलटनीत हळूहळू व्हतंय. तिथं एका फैरीला एक गोष्ट जात व्हती.

"काडतूस! तोंड! रंजक! दारू! गोळी! गज! नेम! फैर!"

दुसरा उजेड. आन् बायकोचं नाव गेलं. तोंड दिसतंय, दारात बसल्याली दिसती, मांडीवर पोर, ती हाका मारती, पर हिचं नाव काय? बा आतल्या आत नाव धुंडतोय आन् नाव सापडंना. मरायला टेकला तवा बी हे सांगताना त्याला घाम फुटला. म्हनला, "हिराजी, मरायचं भ्या नव्हतं रं वाटलं तेवढं. तिचं नाव सापडंना ह्याचं वाटलं."

शेजारचा शिपाई, काळ्या व्हटांचा, न वळता म्हनला, "तिसरी फैर झाली की तरास व्हत न्हाई."

आन् तेवढ्यात जमीन हालली. लांबनं. दडदड, दडदड, दडदड. घोडी! शेकड्यांनी घोडी! त्या मूळ लढाईतली तीच घोडी, रोज राती येत असनार. कवायत न्हवं ती, रोजची लढाई. पळावं. सगळं अंग म्हनतंय पळ. आन् बाच्या ध्यानात आलं, पळालो की पुन्हा फट. ह्या फटीतनं घोडी येतील आन् पहिला मी कापला जाईन. पळालो तर मेलो. थांबलो तर तिसऱ्या फैरीला पोर बी ईसरंल, आन् मी हितलाच. सुटका एकच. पलटनीनं सोताच्या हातानं मला भायेर काढलं पायजे.

बिनदाताचा मानूस माझ्या रांगंत हुबा ऱ्हात न्हाई!

म्होरं पाळना. गुडघ्याला लागून पाळना. सागाचा काठ, गेनूनं तापात घासल्याला. घोडी जवळ आली. हवालदार वरडला, "काडतूस!"

आन् माझ्या बानं पाळन्याचा काठ दोन्ही हातानं धरला, मान मागं नेली, आन् सारं बळ लावून तोंड त्या काठावर आपटलं.

एकदा. दात हाललं. पुन्हा! वरचं दोन गेलं. पुन्हा! खालचं दोन.

आई गं... काय झालं असंल त्या जीवाला.

"तोंड!" हुकूम आला. साऱ्या पलटनीनं काडतूस फोडलं. बानं तोंडात धरलं, पर फोडायचं कशानं? कागद हिरड्यांत घसरतोय. रगत काडतुसावर, रगत दारूत, दारूचा चिखल. हवालदार धावत आला. अंगठा तोंडात घातला. थांबला. पुन्हा चाचपलं.

"दात?"

घोडी येतच व्हती.

"दात न्हाईत ह्याला! काढा भायेर! सरका, फट बुजवा!"

आन् बघा, त्या वक्ताला फट बुजवली. सहावा आन् आठवा सरकलं, खांद्याला खांदा लागला, आन् बा मागं फेकला गेला, पाळन्यासकट. घोडी रांगंवर येऊन फुटली, ती आत आली न्हाईत. पहिल्यांदाच आली न्हाईत असं मला वाटतंय. खरं-खोटं त्या माळालाच ठावं.

बा उठला. पाळना डोक्यावर. आन् पळाला न्हाई बरं. चालला. मुद्दाम लंगडत, वाकडा, ठेका मोडत चालला. मागनं कुनीतरी इचारलं, "हवालदार, ह्याचं नाव खोडू का?"

आन् हवालदाराचा आवाज. बाच्या कानात तो मरस्तवर व्हता. "खोडू नगं. नाव ऱ्हाऊ दे. दातवाला सुभाना येईल."

पूर्वेला फटफटलं तवा बा सांगवड्याच्या शिवंत पोचला. तोंड सुजून भोपळा, छातीवर रगताचं ओघळ, डोक्यावर पाळना. दारात आई. तिला बघितलं मातर त्याला नाव आठवलं. काशी! म्हनला, "काशे, काशे, काशे," नुसतं तेवढंच. ती रडाया लागली, तिला वाटलं ह्याला कुनी मारलं. सासरा काय बोलायच्या आत बानं पाळना आढ्याला टांगला. काठाचं रगत आईनं पदरानं पुसलं.

दुपारी मला त्यात घातलं. आत्या नाव ठेवायला वाकली, बाला इचारलं, काय नाव? बानं ठरवलं व्हतं सिदाजी. पर म्होरचं दात न्हाईत! म्हनला, "हिडाजी." आत्या म्हनली, काय? "हिडाजी!" तिनं माझ्या कानात कुर्र केलं आन् सांगितलं, हिराजी. झालं. तवापासनं मी हिराजी. हसा, आता हसा. म्या आयुष्यभर हसलोय त्याच्यावर.

पर बाच्या खालच्या व्हटावर एक काळा डाग ऱ्हायला. सगळ्यांना वाटायचं तंबाखूचा. बा तंबाखू खात नव्हता.

महिपती, तू झालास तवा बा जित्ता व्हता, म्हनून त्याचं नाव तुला ठेवता आलं न्हाई. तू सुटलास. मरायच्या आदल्या दिशी त्यानं मला जवळ बोलावलं आन् हे सारं सांगितलं. तवर कुनाला सांगितलं नव्हतं, आईला बी न्हाई. म्या इचारलं, बा, त्या मूळ सुभानाचा राग येतो का? म्हनला, "न्हाई रं. घोडी येताना म्या ऐकली. माझं बी पाय उचललं व्हतं. तो पळाला म्हनून आपन हाय. पर जागा त्याची राखल्यालीच हाय, आन् आता ते नाव माझ्यासंगं जाळा."

म्हनून सांगतो, तुम्हा साऱ्यांना सांगतो. परेटीच्या माळावरनं कुनी जाऊ नगा. सात कोस पडू द्या, गाडीवाटनं जा. आन् कधी चुकून गेलात, आन् हाक आली, तर पहिलीला न्हाई, दुसरीला न्हाई, तिसरीला बी ओ देऊ नगा.

पटत न्हाई का रं? तोंड का पाडलंस? ऊठ. तो पाळना वर बांधलाय नव्हं उद्यासाठी? जा, त्याच्या काठावरनं हात फिरव. डावीकडं न्हवं, मधी. सापडल्या? किती हायत्या? चार. मोज पुन्हा. चार खाचा. ह्या पाळन्यात मी निजलो, तू निजलास, उद्या हे निजंल. पाळना चांगला हाय. पाळन्याचं काय भ्या न्हाई.

वाट तर टाळता येती, महिपती. नाव कसं टाळशील? उद्या आत्या वाकून ह्याच्या कानात नाव सांगंल, आन् ते नाव जसं ह्याला ऐकू जाईल तसंच त्या माळावर बी ऐकू जाईल. बघ तरी ह्याच्याकडं, कसं तोंड उघडं टाकून झोपलंय. आज एक दात न्हाई त्या तोंडात. पर दात येनारच की रं.